पंचनाम्याआधीची भेट

कापसाच्या पट्ट्यात कुणी जीव दिला की पोलिसांच्या मागोमाग त्या घरी पोचणारा सरकारी माणूस म्हणजे पटवारी. सरकारदरबारी तलाठी, आणि २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी. विदर्भातल्या गावाला या बदलाशी काही देणंघेणं नाही. आता पटवारी, कृषी सहायक, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशा या सगळ्यांना तो दिवस उगवण्याआधीच माणूस ओळखायला शिकवावं, असं सांगितलं जातंय. केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केलं. २०३० पर्यंत आत्महत्यांचं प्रमाण १० टक्क्यांनी खाली आणायचं आणि त्यासाठी लोकांत वावरणाऱ्यांना तयार करायचं, असं त्यात आहे. त्याच वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक.

खाली बोलणारे दोघेही कल्पित आहेत. एक यवतमाळ जिल्ह्यातले मंडळ अधिकारी, पटवारी म्हणून लागलेले आणि आता निवृत्तीकडे झुकलेले. दुसऱ्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या समुपदेशक, तालुक्याला प्रशिक्षण द्यायला आलेल्या. जेवणाची सुट्टी झाली आहे, हॉल रिकामा आहे. माझं झुकतं माप कुणीकडे आहे ते वाचताना कळेलच, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मंडळ अधिकारी : मॅडम, राग मानू नका. पण निवडणूक, गारपीट, ई-पीक पाहणी, सगळ्यांची प्रशिक्षणं झाली आमची. चहा, बिस्किट, सही आणि जाताना एक नवा फॉर्म. आता माणूस जगेल की नाही हेही आम्हीच ओळखायचं. उद्या माझ्या मंडळात कुणी गेला की वरून विचारणा येईल, ‘तुमचं तर प्रशिक्षण झालं होतं ना?’ कारणे दाखवा नोटीस कुणाच्या नावाने निघेल ते सांगू?

समुपदेशक : तुमच्याच. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून मी सुरुवातीलाच सांगते की आत्महत्येचा अचूक अंदाज डॉक्टरांनाही बांधता येत नाही, तर तुम्हाला कुठून येणार? समोरचा माणूस बोलायला लागला तर तोंड फिरवून निघून जाऊ नका, एवढंच मला शिकवायचं आहे.

मंडळ अधिकारी : आणि नाही बोलला तर? तुमच्या त्या पडद्यावर होतं, सरळ विचारा म्हणून. चार लोक बांधावर उभे आहेत आणि मी म्हणू, ‘काका, जीव द्यायचा विचार आहे का?’ पायताण काढेल तो. नाहीतर त्याच्या डोक्यात नव्हतं ते मीच घातलं, असं व्हायचं.

समुपदेशक : चार लोकांत विचारूच नका. आधी सोयाबीनचं विचारा, दुबार पेरणी करावी लागली का ते विचारा. मग झोप, जेवण, शेतात जाणं सुरू आहे का, हे. ज्याच्या मनात काही नाही तो तक्रारींची यादी वाचेल. ज्याच्या मनात आहे तो बहुतेक वेळा मध्येच गप्प होतो. तेव्हा एकट्याला बाजूला घेऊन विचारायचं, ‘एवढं सगळं अंगावर आल्यावर जगू नये असं वाटतं का कधी?’ हो म्हणाला तर पुढचं, ‘जीव द्यायचं मनात येतं का? काही ठरवलंय का?’ विचारल्याने तो विचार रुजत नाही, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा तपासून झालंय. पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं. कारण तोवर हे कुणी विचारलेलंच नसतं.

मंडळ अधिकारी : आम्ही बोलतोच की. ‘पोराबाळांकडे बघा, असं मनात आणू नका,’ म्हणतो.

समुपदेशक : तेच टाळा. पोराबाळांकडे बघूनच तर तो इथवर आलेला असतो. आपण घरावरचं ओझं झालो, आपण नसलो तर यांचं बरं होईल, असं त्याला मनापासून वाटत असतं. तुमच्या वाक्यातून त्याला फक्त आपली चूक ऐकू येते आणि तो ‘हो साहेब’ म्हणून विषय मिटवतो.

मंडळ अधिकाऱ्यांना हे पटलं असावं. कारण पुढचं त्यांनी दुसऱ्याच बाजूने काढलं. सरकारी माणूस मुद्दा मान्य करतो तो असाच, मोठ्याने न बोलता.

मंडळ अधिकारी : बरं, विचारलं. हो म्हणाला. पुढे? मी पाठवू कुणाकडे? सरकारी मनोरुग्णालय नागपूरला. एका चकरेचा खर्च आणि बुडालेली मजुरी त्याला परवडते का, हे तुम्ही त्याच्या जागी बसून सांगा.

समुपदेशक : प्रत्येकाला नागपूर लागत नाही. यवतमाळचं मेडिकल कॉलेज आहे, जिल्ह्यात आमचं पथक आहे. पण तुमचं म्हणणं खरंच आहे. देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञ धड नाही, पाऊणच आहे. म्हणून तर हा सगळा खटाटोप. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस सुरू आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पण नंबर कागदावर लिहून देऊन निघू नका. तुमच्या फोनवरून लावा, त्याच्या हातात द्या आणि शेजारी बसून राहा. घरातलं कुणी येईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. फवारणीचं औषध घरातून उचलून शेजाऱ्याकडे किंवा भावाकडे ठेवायला लावायचं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं.

मंडळ अधिकारी : औषधासाठी कुलपाच्या पेट्या वाटायच्या म्हणून मागे कुणी सुचवलं होतं.

समुपदेशक : श्रीलंकेत १८० गावांत तसा मोठा प्रयोग झाला, घरोघरी कुलपाच्या पेट्या दिल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. पेट्यांनी फरक पडला नाही. पण त्याच श्रीलंकेने सर्वांत जहाल औषधं एकेक करून बाजारातून काढली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास घटलं.

मंडळ अधिकारी : मग औषधं बंद करा ना! पटवाऱ्याला कशाला शिकवता?

समुपदेशक : औषधं बंद करणं माझ्या हातात नाही.

मंडळ अधिकारी : आणि माझ्या हातात काय आहे? सोसायटीचा वसुली अधिकारी सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला घेऊन येतो. सातबाऱ्यावर बोजा चढवतो आमचा माणूस. फेरफार अडला तर आमच्याकडे अडला. पंचनाम्यात नुकसान तेहेतीस टक्क्यांखाली लिहिलं की मदत गेली, ते लिहिणारे पुन्हा आम्हीच. ज्याच्या तोंडून हे सगळं ऐकायचं त्याच्यापाशीच मन मोकळं करायचं? तो मला ‘या पटवारीसाहेब’ म्हणेल, पाणी देईल आणि काही एक सांगणार नाही.

प्रशिक्षणाच्या पुस्तिका या जागी हमखास पान उलटतात. आशाची गोष्ट वेगळी आहे, ती औषधगोळी घेऊन येते. महसूल, सहकार, वीज, बँक यांची माणसं येतात ती मागायला, मोजायला किंवा तोडायला. एकाच माणसाने वसुलीची नोटीसही द्यायची आणि खांद्यावर हातही ठेवायचा, हे नुसत्या कौशल्याने जमणारं नाही. समुपदेशकबाईंना याची जाण आहे, म्हणून त्यांनी दाखला काढला तो लांबचा आणि स्वतःच्याच बाजूला अडचणीत टाकणारा.

समुपदेशक : ब्रिटनमध्ये पेन्शन आणि भत्ते देणारं जे खातं आहे, तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी सहा टप्प्यांची ठरलेली पद्धत आहे. फोनवर कुणी ‘मला जगायचं नाही’ म्हणालं तर काय विचारायचं, सहकाऱ्याला खूण कशी करायची, मदत कुणाला बोलवायची, सगळं आखून दिलेलं. मी माझं अर्धं प्रशिक्षण त्याच धर्तीवर बसवलंय. पण त्याच खात्याने २०१० ते २०१३ या काळात अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्यांची फेरतपासणी लावली, कोण पात्र, कोण अपात्र. इंग्लंडमधल्या संशोधकांनी जिल्हावार आकडे लावून पाहिले. जिथे तपासण्या जास्त झाल्या तिथे आत्महत्याही जास्त. एकूण सुमारे ५९० जादा. याने कारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. पण खोली एकच, टेबल एकच.

मंडळ अधिकारी : म्हणजे एका हाताने ढकलायचं आणि दुसऱ्या हाताने धरायला शिकवायचं. मग मी तरी वेगळं काय म्हणतोय?

समुपदेशक : तुम्ही म्हणताय की म्हणून धरायला शिकवू नका. मी म्हणतेय की ढकलणं थांबेपर्यंत धरायला तरी कुणीतरी हवं.

मंडळ अधिकारी : थांबायला किती वेळ लागतो हो? २३ जानेवारी २००६ चा जीआर. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर घराला एक लाख. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव. महागाई कुठल्या कुठे गेली, लाख तिथेच. आणि तो लाख मिळण्यासाठी जमीन नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. अहवाल आमचा, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीचा. अपात्र झाल्याचं त्या बाईला सांगायला जातो कोण? मी गेलोय. तेव्हा मला कुणी शिकवलं नव्हतं काय बोलायचं ते. माणूस जिवंत असताना दोन पैसे द्या, पंचनाम्याची वेळच येणार नाही. २०२३ साली मराठवाड्यात केंद्रेकर साहेब विभागीय आयुक्त होते तेव्हा आमच्यासारख्याच लोकांनी घरोघर पाहणी केली, सुमारे दहा लाख शेतकऱ्यांची. लाखभर लोकांच्या मनात जीव द्यायचा विचार असल्याचं निघालं. साहेबांनी काय सुचवलं? पेरणीआधी एकरी दहा हजार रुपये. प्रशिक्षण नाही सुचवलं.

समुपदेशक : पैशाने आत्महत्या कमी होतात, यावर माझा वादच नाही. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत सुरू झाली तेव्हा तिथलं आत्महत्यांचं प्रमाण अठरा टक्क्यांनी उतरलं. पण त्या लाखभर लोकांचं मला वेगळं विचारायचंय. आपल्या दारात आलेल्या सरकारी माणसाला कुणीतरी सांगितलं, ‘हो, माझ्या मनात येतं तसं.’ त्या माणसाने त्या क्षणी काय करायचं?

मंडळ अधिकारी : फॉर्म वर पाठवायचा. फॉर्म वर जातो, मॅडम. खाली परत येत नाही.

समुपदेशक : मग बघा, माझं प्रशिक्षण नको म्हणून तुम्ही सुटत नाही. तो प्रश्न तुमच्या हातून विचारून घेतला जातोच, फक्त उत्तर आल्यावर काय करायचं ते सांगितलेलं नसतं.

मंडळ अधिकारी यावर हसले. जेवणाचा डबा त्यांनी अजून उघडलेला नाही.

समुपदेशक : पैशाचा निर्णय मुंबईत होईल तेव्हा होईल. तोवर काय होऊ शकतं ते आपल्या शेजारीच बघा. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे आकडे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त मांडले. गावातल्याच साध्या माणसांना तयार केलं होतं, डॉक्टर क्वचित लागायचे. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण कुठे उपचाराला पोचत होते, दीड वर्षाने सत्तावीस. वर्षभरात जीव द्यायचा विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेला दुसरी गावं घेतली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाचंच, असं छातीठोक मीही म्हणणार नाही.

मंडळ अधिकारी : त्या गावांत फिरणाऱ्या माणसांना दुसरं काम होतं?

समुपदेशक : नाही. तेच काम होतं.

मंडळ अधिकारी : वसुलीचं टार्गेट?

समुपदेशक : नाही.

मंडळ अधिकारी : आणि माझ्या एका पटवाऱ्याकडे तीन-तीन गावं, वरून रिकाम्या साझ्याचा अतिरिक्त कार्यभार. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणार म्हणता?

समुपदेशक : तो नाही जाणार, आशा जाईल. तिला कळवणं एवढंच त्याचं काम. ‘प्रेरणा’ प्रकल्पात २०१५ पासून चौदा जिल्ह्यांत आशांनी हे काम केलंय, घराघराची माहिती तिला आहे. अर्थात तिला पगार नाही, मानधन आहे, आणि सगळी खाती आपापली ओझी तिच्याच डोक्यावर देतात, हेही मला माहीत आहे. पण तुम्हाला न दिसणारी माणसं तिला दिसतात.

मंडळ अधिकारी : कोण?

समुपदेशक : तुम्हाला पाणी आणून देणारी. २०२२ मध्ये शेतीवर जगणाऱ्या, म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर मिळून, ११,२९० जणांनी देशात आत्महत्या केली. त्याच वर्षी गृहिणी म्हणून नोंद झालेल्या बायका किती? २५,३०९. दुपटीहून जास्त. त्यांच्यातल्या कित्येक शेतात राबणाऱ्याच असतील, पण सातबाऱ्यावर नाव नाही. म्हणजे तुमच्या जीआरमध्ये नाहीत, समितीपुढे नाहीत, वर्तमानपत्राच्या आकड्यात नाहीत.

मंडळ अधिकारी : हे मी असं कधी मोजलं नव्हतं.

समुपदेशक : मोजायला लावणारा रकाना नाही म्हणून.

मंडळ अधिकारी : रकान्यावरून आठवलं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट जवळ आले की तहसीलमध्ये निवेदनांचा ढीग. ‘अमुक तारखेपर्यंत रस्ता मोकळा न झाल्यास कार्यालयासमोर आत्मदहन करीन.’ आम्ही प्रत पोलीस ठाण्याला पाठवतो, ते आदल्या दिवशी त्याला बसवून ठेवतात. नव्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलम गेलं, पण सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी तसा प्रयत्न केला तर २२६ आहेच, वर्षभरापर्यंतची कैद. यात तुमचं प्रशिक्षण कुठे बसतं? हा खरा दुःखी की नुसता धमकावणारा?

समुपदेशक : दोन्ही असू शकतो, एकाच वेळी. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरा आणि सरकारने त्याची काळजी घ्या. २२६ दुसरीकडे बोट दाखवतं. मी कायद्याची माणूस नाही. पण शेतरस्त्यासाठी ज्याने वर्षानुवर्षं अर्ज केले, त्याचा जुना अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते त्या दिवशी त्याला कुणी सांगितलं का? पोलिसांना प्रत पाठवा जरूर. पण त्याला खुर्ची द्या, पंधरा मिनिटं ऐका. आणि मनात खरंच काही आहे का ते त्यालाही विचारा.

मंडळ अधिकारी : अर्ज खरंच पडून असतो हो. पुष्कळदा.

(थोडं थांबून) आणि आमचं? सगळं ऐकून घरी जाणारे आम्ही. पंचनाम्याला गेलो त्या रात्री जेवण जात नाही. दारू त्यातूनच लागते काहींना. ते कोण विचारतं?

समुपदेशक : दुपारचं सत्र त्यावरच ठेवलंय, पण तेवढ्याने भागणार नाही. अशा प्रत्येक प्रसंगानंतर त्या कर्मचाऱ्याशी कुणीतरी बोललं पाहिजे, ठरवून. आणि हे प्रशिक्षण एकदाच देऊनही चालत नाही. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये गावच्या डॉक्टरांना नैराश्य ओळखायला शिकवलं, आत्महत्या उतरल्या. मग बरेच डॉक्टर बदलून गेले, काही वर्षांत आकडा परत होता तिथे. तिथे ही गत, तर आपल्या बदल्यांचं तुम्हीच सांगा.

मंडळ अधिकारी : म्हणूनच मला कागद पाहिजे, मॅडम. शिकवलेलं बदलीबरोबर जातं, कागद कचेरीत राहतो. मी विचारेन, मीच काय, माझे पटवारीही विचारतील. पण समजा कुणी हो म्हणाला, तर त्या घरचे वसुलीचे फेरे तीन महिने बंद, नोटीस बंद, वीज तोडणं बंद, एवढं करून घ्यायचा अधिकार मला द्या. कारण लिहायचं नाही, नाव चारचौघांत जायचं नाही. नुसतं तहसीलदारांना सांगितलं की झालं पाहिजे. रिकाम्या हाताने मी कुणाला ‘मन मोकळं कर’ म्हणणार नाही.

समुपदेशक : लोक याचा फायदा घेतील, असं म्हणतील वरचे.

मंडळ अधिकारी : घेऊ द्या. शंभरात दहा जणांनी खोटं सांगितलं, तर सरकारची तीन महिन्यांची वसुली लांबेल. बुडणार तर नाही.

या एका मागणीपाशी मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. ऐकणाऱ्याच्या हातात देण्यासारखं काही नसेल, तर ऐकून घेण्याचं शिक्षण देऊन सरकार स्वतःची सुटका करून घेतं आणि जोखीम सर्वांत खालच्या माणसावर ढकलतं. बाईंना हे नाकारायचं नाही. पण आदेश काढण्याचा अधिकार त्यांच्याकडेही नाही.

समुपदेशक : मी अहवालात लिहीन. तुमच्या शब्दांत लिहीन. जिल्हाधिकारी बैठकीत विषय घेतील की नाही ते सांगता येत नाही.

मंडळ अधिकारी : लिहा. आणि आजच्या यादीत सोसायटीचा गटसचिव एकही नाही, तेही लिहा. कर्जाचं आमच्याआधी त्याला कळतं. नूतनीकरण कुणाचं झालं नाही, कुणी सावकाराकडे गेला, कुणी आमसभेला यायचं सोडलं, सगळं त्याला ठाऊक. महावितरणचा लाइनमन नाही. कृषी केंद्रवाला नाही. उधारीवर औषध देतो तो.

समुपदेशक : गटसचिव सहकार खात्याकडे येतात. त्यांच्यासाठी उपनिबंधकांचं वेगळं पत्र लागेल. कृषी केंद्रवाले तर खासगी.

मंडळ अधिकारी : मग पत्र काढायला लावा. आणि पोळ्याच्या आत बोलवा त्यांना. दिवाळीनंतर बोलावलंत, तर तोवर कापूस घरात आलेला असेल किंवा नसेल, आणि वसुलीच्या याद्याही लागलेल्या असतील. तेव्हा त्यांना यायला फुरसत नसते.